स्टिअरिंगचा दोष

नवऱ्याने मला न विचारता गाडी घेतली. हे वाक्य मी आजही जरा मोठ्यानेच म्हणते.

हडपसरला आयटी पार्क उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. त्यातल्या एका कंपनीत तो चांगल्या हुद्द्यावर होता. त्याचा साहेब कायमचा परदेशी परत निघाला आणि साहेबाची जर्मन स्पोर्ट्स सेडान एका शनिवारी दुपारी वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकातून आत आली. गडद निळी, पोट जमिनीला टेकेल इतकी खाली बसलेली. मी माझ्या व्हॅनमध्ये शिवून शाळांना पुरवायच्या गणवेशांचे गठ्ठे भरत होते. दार उघडून नवरा उतरला.

"ही कोणाची?"

"आपली."

"आपली म्हणजे?"

"आपली म्हणजे आपली. बस."

वेड कुठपर्यंत गेलंय ते पाहावं म्हणून मी बसले. फाटकातून बाहेर पडताना त्याने स्टिअरिंग जेमतेम पाव वळसा फिरवलं आणि गाडीने असं काही तोंड वळवलं, की जणू कोणीतरी कान धरून तिला ओढलं असावं. मी समोरचा डॅशबोर्ड पकडला. नवरा लहान मुलासारखा हसत होता.

"वेगाप्रमाणे बदलतं हे," तो म्हणाला. "गाडी हळू असताना थोडं फिरवलं तरी चाकं खूप वळतात. वेगात असताना तेवढंच फिरवलं तरी कमी वळतात. आहे की नाही कमाल?"

मला ती कमाल वाटली नाही. मी वीस वर्षं व्हॅन चालवत होते. तिचं स्टिअरिंग सकाळी वळायचं तेवढंच संध्याकाळी वळायचं.

त्या संध्याकाळपासून आमच्या पार्किंगमध्ये परिसंवाद सुरू झाला. तळमजल्यावर एक गृहस्थ राहत, वाहनांच्या कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले. तिसऱ्या मजल्यावर नागपूरकडचा एक भाडेकरू मुलगा होता, तोही आयटीतलाच. दोघांनी गाडीतून एकेक चक्कर मारली आणि दोघे दोन टोकांना जाऊन उभे राहिले.

"किती वळायचं हे माणसाने गाडीला सांगायचं असतं," गृहस्थ म्हणाले. "इथे गाडीच ठरवणार असेल तर आपण पुढे बसावं कशाला? मागे बसून पेपर वाचावा."

"काय काका तुम्ही बी! हायवेवर एकदम स्टेबल, पार्किंगमध्ये एकदम शार्प. अजून काय पाहिजे?"

"हाताला अंदाज पाहिजे. तो एकदा गेला की माणूस गेला."

"अंदाज बनतो ना काका, आठ दिवसांत."

"तुमचा बनेल. तुम्ही अजून बनताय."

नवरा मधे उभा राहून दोघांना आळीपाळीने मान डोलवायचा. रोजच्या रोज व्हॅन चालवणाऱ्या माझं मत त्या पार्किंगमध्ये कोणी विचारलं नाही. कोणी विचारावं असं मलाही फारसं वाटत नव्हतं. घरी पोळ्या व्हायच्या असत.

मग गाडी घासायला लागली. आधी डावा आरसा पार्किंगच्या खांबाला लागला. नंतर डावं मागचं दार फाटकाला. एका रविवारी पुढच्या बंपरने तळमजल्यावरच्यांच्या कोरफडीच्या दोन कुंड्या आडव्या केल्या. नवरा दर वेळी उतरून स्टिअरिंगकडे बोट दाखवायचा. "जास्त वळतं हो हे. मी एवढंसं फिरवतो, ही जास्त घेते."

"मी काय सांगत होतो?" कुंडी उचलता उचलता गृहस्थ म्हणाले. कोरफडीपेक्षा मुद्दा सिद्ध झाल्याचा आनंद मोठा होता.

भाडेकरू मुलाचं म्हणणं, सेटिंग बिघडलं असणार. म्हणून गाडी वर्कशॉपला गेली. तिथल्यांनी तिला संगणक जोडला आणि सगळं नीट आहे असं सांगून परत पाठवली. महिन्याभराने पुन्हा गेली, पुन्हा तेच. नवऱ्याने टायर बदलले. गृहस्थांनी फाटकाची रुंदी टेपने मोजली. मुलाने इंटरनेटवरून माहिती आणली: परदेशातही या स्टिअरिंगवर लोकांचं एकमत नाही म्हणे. कोणी त्याच्यावर जीव टाकतं, कोणी म्हणतं रस्ता हाताला कळतच नाही. हे ऐकून सगळ्यांना फार बरं वाटलं. म्हणजे आपला वाद थेट जगाच्या पातळीवरचा होता. असे आठ महिने गेले.

एका रविवारी आम्ही कात्रजला मुंजीला गेलो होतो. परत येताना बायपासवर वाहतूक बरीच होती. वारजं आलं. आम्हाला डावीकडे सर्व्हिस रोडला उतरायचं होतं. माझ्या खिडकीला लागून एक मोटरसायकल चालली होती. पुढे एक माणूस, मागे त्याची बायको, मधे दाबून बसवलेलं मूल. बाईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मला मोजता आल्या असत्या, इतकी जवळ. आमच्या नवऱ्याने इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं आणि शांतपणे स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

मी किंचाळले आणि स्टिअरिंगला हात घालून ते उजवीकडे ओढलं. मागून कर्णकर्कश हॉर्न वाजला. मोटरसायकल डांबर सोडून मातीत गेली, त्या माणसाने दोन्ही पाय टेकले आणि कशीबशी ती सावरली. पडलं कोणी नाही. नवऱ्याने गाडी कडेला घेऊन थांबवली आणि माझ्यावर ओरडला.

"चालत्या गाडीत स्टिअरिंगला हात लावतेस? डोकं फिरलंय का तुझं?"

"अहो, मोटरसायकल!"

"कुठली मोटरसायकल?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मागे तो माणूस आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, मूल भोकाड पसरून रडत होतं. नवऱ्याने आख्खी मान वळवून मागे पाहिलं.

"ही कुठून आली?"

"ती तिथेच होती. मागच्या पुलापासून आपल्या बरोबरीने होती."

"हे स्टिअरिंग एकदम..." त्याने सुरुवात केली.

"स्टिअरिंगने काही केलेलं नाही. मी तुमचे हात बघत होते." आणि ते खरं होतं. आठ महिने तीच चर्चा ऐकून मला त्याच्या हातांवर नजर ठेवायची सवयच लागली होती. हात जेवढे वळले तेवढीच गाडी वळली होती. मी उतरून त्या लोकांकडे गेले, शिव्या ऐकल्या, माफी मागितली. बाईने मुलाला इतकं घट्ट धरलं होतं की ते त्यामुळेच रडत असावं.

घरी आल्यावर मी त्याला खुर्चीत बसवलं.

"माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. पिवळी टेप दिसली की सांगा."

शिवणकामाची टेप बोटांत धरून मी हात त्याच्या डाव्या कानापासून हळूहळू पुढे आणायला लागले. तो माझ्या नाकाकडे बघून हसत होता. हात त्याच्या गालाच्या पुढे आला. मी टेप हलवली. चांगली झेंड्यासारखी हलवली.

"अगं, सुरू कर की," तो म्हणाला.

"सुरू केलंय," मी म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन दिवसांनी सगळ्या तपासण्या केल्या. काचबिंदू. डाव्या डोळ्यात मधला थोडासा भाग उरला होता, बाकी गेला होता आणि गेलेलं परत येणार नव्हतं. उजव्या डोळ्यात नाकाकडच्या बाजूने सुरुवात झाली होती. थेंब नियमित घातले तर तो सांभाळता येईल, त्या म्हणाल्या.

"पण दुखलं नाही हो कधी," नवरा म्हणाला.

"दुखत नाही. म्हणूनच लोक उशिरा येतात. घरात कोणाला होता?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. सासरे शेवटी भिंतीला धरून चालायचे. आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. चष्म्याचा नंबर दर दोन वर्षांनी जवळच्या दुकानात तपासायचा, एवढंच आमचं डोळ्यांचं शास्त्र.

"आणि गाडी?" त्याने विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. आता नाही की कधीच नाही, ते विचारायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

मला सुन्न करून गेलं ते हे. तीन शिकलेल्या माणसांनी आठ महिने खांब पाहिला, फाटक मोजलं, टायर बदलले, संगणक जोडले, आणि एकानेही विचारलं नाही की, तुम्हाला डावीकडचं दिसतं का? मी धरून चौघं म्हणा. वस्तूबद्दल मत द्यायला आमच्याकडे कोणी मागे राहत नाही. माणसाला असलं काही विचारणं मात्र अपमानाचं वाटतं. शिवाय त्या स्टिअरिंगला नावं ठेवणारे जगभर होते. साक्षीदार तयारच होते.

त्या संध्याकाळी तो स्वतःच खाली गेला. मी मागोमाग गेले. गृहस्थ नव्या कोरफडीला पाणी घालत होते.

"गाडीत काही दोष नाही," नवरा म्हणाला. "माझा डावा डोळा गेलाय. काचबिंदू."

गृहस्थांच्या हातातल्या तांब्यातून पाणी कुंडीबाहेर सांडत राहिलं. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगाही तिथेच होता. त्याने विचारलं, "मग काका, गाडी कोण चालवणार?"

"मी," मी म्हणाले.

"तुम्हाला जमेल?" गृहस्थ म्हणाले. "नाही, म्हणजे ते स्टिअरिंग..."

पुढच्या तपासणीला मीच गाडी काढली. तिच्या चालकाच्या सीटवर मी पहिल्यांदाच बसत होते. नवरा डावीकडे, हात मांडीवर. फाटकाशी व्हॅनला फिरवते तसं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडीचं नाक सरळ फाटकाच्या खांबावर चालून गेलं. मी ब्रेकवर उभी राहिले.

"अहो, हे खरंच जास्त वळतं!"

"मग मी आठ महिने काय सांगतोय?" तो म्हणाला.

मी धरून चालले होते की सगळा दोष डोळ्याचा आणि स्टिअरिंग हे नुसतं निमित्त. तर तो खोटं बोलत नव्हता, काही लपवतही नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. एक खरी होती म्हणून दुसरी कोणाला दिसली नाही, त्याला स्वतःलाही नाही.

मी गाडी थोडी मागे घेतली, स्टिअरिंग अर्धंच फिरवलं आणि फाटकातून बाहेर काढली. मुख्य रस्त्यापाशी आल्यावर, व्हॅनमध्ये शेजारी बसणाऱ्याला विचारते तसंच, सवयीने तोंडातून गेलं, "डावीकडून कोणी येतंय का?" गेलं आणि मी जीभ चावली.

त्याने खांद्यासकट आख्खं अंग डावीकडे वळवलं, काचेला जवळजवळ नाक लावलं आणि रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाहिला.

"थांब," तो म्हणाला. "रिक्षा आहे. जाऊ दे तिला."

मी थांबले. रिक्षा गेली.