तिला शोधत आलेली बाई

ती आमच्याकडे आली तेव्हा सहा-सात वर्षांची असावी. नक्की वय कुणालाच ठाऊक नव्हतं. निडी स्टेशनच्या बाकड्यावर ती एकटीच सापडली. गाडी गेली, फलाट रिकामा झाला, तरी उठली नाही. पोलिसांनी तिला पेणच्या बालगृहात पोचवलं. तिथं काही महिने राहूनही ती कुणाशी बोलली नाही. नावसुद्धा सांगितलं नाही.

आम्हाला मूल नव्हतं. एखादं मूल घरी सांभाळायची तयारी आहे, असं आम्ही तिथं सांगून ठेवलं होतं. बालगृहाच्या बाईंनी बोलावून घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "हिचं कुणी आलं तर परत द्यावी लागेल. हिच्यावर काय बेतलंय ते आम्हाला माहीत नाही. पाठीवर जुने डाग आहेत, एवढंच."

आम्ही तेव्हा रोह्याजवळच्या अष्टमी गावात राहायचो. मी, नवरा आणि सासूबाई. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा. तिला घरी आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी उठून पाहते तर पोर मोरीत बसून रात्रीची भांडी घासतेय. एवढीशी, पण हात असा सराईत की बघवेना. मी हातातलं पातेलं काढून घेतलं तशी ती भिंतीला चिकटली आणि म्हणाली, "घासते शेठाणी, घासते."

तिच्या तोंडून ऐकलेले ते पहिले शब्द. कुठल्या घरात, कुणाच्या हाताखाली ती हे शिकली असेल, याचा विचार मी त्या दिवशी करू शकले नाही. पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले.

जेवायला ती आमच्यात बसायची नाही. सगळ्यांचं झाल्यावर दाराशी, ताट मांडीवर घेऊन. मी समजावलं, नवऱ्यानं समजावलं, आम्ही जितकं समजवावं तितकी ती आक्रसत जाई. सासूबाईंनी मात्र काही समजावलं नाही. एकदा त्यांनी भिजलेल्या वालांचं घमेलं उचललं आणि दाराशी तिच्या शेजारीच बसकण मारली. "ये गो, सोल जरा माझ्यासंगती. माझी नखा आता चालत नाय." दोघी वाल सोलत बसल्या. दुपारी सासूबाईंनी आपलं ताटही तिथंच मागवलं. मग आम्हीही आमची ताटं घेऊन दाराशी गेलो. बरेच दिवस आमचं घर दाराशीच जेवलं. येणारेजाणारे हसायचे. हळूहळू पंगत आत सरकली, नेमकी कधी ते आता आठवत नाही.

ती शाळेत जाऊ लागली, मला आई म्हणू लागली. मागचं काही विचारलं की मात्र डोळे मिटून घ्यायची. आम्ही विचारणं सोडून दिलं.

अशी दोन-तीन वर्षं गेली आणि पेणहून निरोप आला. एक बाई हरवलेली मुलगी शोधत आली आहे, वय जुळतं, मुलीला घेऊन या.

मी तिला फक्त एवढंच म्हटलं, "पेणला जाऊन यायचंय." निघताना पाहिलं तर तिनं कानातली काढून देवापुढं ठेवली होती. आम्ही केलेली. नवऱ्यानं ती उचलली, पण पुन्हा तिच्या कानात घालायचा त्याला धीर झाला नाही. ती खिशात ठेवून तो बरोबर निघाला. एसटीत ती खिडकीशी बसली. मी तिचा हात धरला होता. तो हात थंड होता आणि त्याला माझा हात धरायचा नव्हता.

बालगृहाच्या व्हरांड्यात ती बाई बसली होती. खाडीकडची, मिठागरावर राबणारी, पायांना भेगा पडलेल्या. आम्हाला पाहून ताडकन उठली, पुढं आली आणि मध्येच थांबली. मुलीसमोर उकिडवी बसली, हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडं वळवला. मी देवाला काय मागितलं ते मला इथं लिहवत नाही.

"नाय," ती म्हणाली. "ही नाय माझी."

त्या बाईनं पिशवीतून एक फ्रॉक काढला. नवा कोरा, पण चार वर्षांच्या पोरीला बसेल एवढाच. तिची लेक हरवली तेव्हाच्या मापाचा. तिनं तो आमच्या मुलीच्या खांद्याला लावून पाहिला, पुन्हा पिशवीत ठेवला. "एवढी झाली असंल नाय आता ती?" तिनं मला विचारलं. मी व्हय म्हटलं. मग तिनं आमच्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती फाटकाबाहेर निघून गेली. तिला पाणीसुद्धा विचारायचं मला सुचलं नाही.

परतीच्या वाटेवर वडखळ मागं पडलं. मग मुलगी म्हणाली, "आई, तिची मुलगी कुठं असेल?"

"माहीत नाही गं."

"मला असं कुणी शोधत असेल?"

इतक्या वर्षांत मागचं असं तिनं स्वतःहून पहिल्यांदाच काढलं होतं. "असेल" म्हणावं तर खोटी आशा, "नसेल" म्हणावं तर त्याहून वाईट. मागच्या बाकावरून नवरा वाकून म्हणाला, "शोधत कुणी आलं तर आपण तिघं भेटू त्यांना. तू एकटी नाय." नागोठण्याच्या पुढं कधीतरी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. डोकं जड लागत होतं. मी रोह्यापर्यंत पाय हलवला नाही.

कुणीच आलं नाही. कायद्यानं ती आमची झाली, वाढली, शिकली, लग्न करून रोह्यातच राहिली. मागचं तिला आठवत नाही की सांगायचं नाही, हे मला आजही माहीत नाही. ती बाळंतपणाला माझ्याकडे आली तेव्हा दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, माहेरी कुणाला साखर, रक्तदाब, काही आजार? मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती शांतपणे म्हणाली, "माझ्या रक्ताचं कुणी माहीत नाही. तसं लिहा."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.