सायकलच्या ब्रेकची चौकशी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र अजून लख्ख आठवतं. यात मी कोणालाही अटक केली नाही, आणि त्याचाच मला अभिमान आहे.

मी तेव्हा पनवेलला पोलीस निरीक्षक होतो. नवीन पनवेलमधले चार नोकरदार मित्र दसऱ्याच्या संध्याकाळी गियरच्या सायकली सुट्या करून रेल्वेने राजस्थानला निघाले. वाळवंटातल्या खडकाळ वाटांवर सायकल चालवायची हौस! पदरचे पैसे घालून हातपाय मोडून घ्यायचे, असं आमचा हवालदार म्हणायचा. सपाटीवर सगळं ठीक होतं. पहिल्याच मोठ्या उतारावर एकाची सायकल थांबेना आणि तो खडकावर आदळला. मणक्याला मार, जबडा फुटलेला, त्यामुळे बोलणं बंद. तिथल्या पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. मित्रांनी त्याला पनवेलच्या दवाखान्यात आणलं.

मग त्याचे वडील ठाण्यात आले. मूळचे उरणकडचे, मासेमारी करणाऱ्या घरातले, पुढे बंदरात नोकरी केलेले. "साहेब, ह्यो अपघात नाय. त्याच्या दोस्तानं ब्रेक बिघडवलाय. तिथं सायकली त्यानंच जोडल्या."

हा दोस्त त्या चौघांतलाच, आणि तो व जखमी मुलगा एकाच कंपनीत होते. बढती मुलाला मिळाली, दोस्ताला नाही. घटना दुसऱ्या राज्यातली असली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून कागद तिकडे पाठवता येतात. पण एकदा नाव आलं की त्या दोस्ताची नोकरी गेलीच म्हणून समजा. मी आधी अर्जावर चौकशी करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ठाणे अंमलदाराला निनावी फोन आला: तो दोस्त सोसायटीच्या पार्किंगमध्ये परत आणलेली ती मोडकी सायकल पेट्रोलने धुतोय. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या हातात चिंधी होती आणि पुढच्या ब्रेकची चकती चकचकीत झालेली. पुरावा नष्ट करताना रंगेहाथ! पंच बोलावले, पंचनामा केला, सायकल आणि तो, दोघांना ठाण्यात आणलं.

"साहेब, थोडा वेळ माझ्याकडे द्या, पोपटासारखा बोलेल," हवालदार म्हणाला. मी नको म्हटलं. माझी पद्धत चहाची. समोर चहा ठेवायचा आणि आपण गप्प बसायचं. गुन्हा केलेल्या माणसाला शांतता सोसत नाही, तो उगाच बडबडतो. हा बडबडलाच नाही.

"ब्रेक तू बिघडवलास?"

"नाही साहेब."

"मग धूत का होतास?"

त्याने चहाचा कप माझ्याकडे परत सरकवला.

मी जाऊन सायकलीपाशी बसलो. चकती दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे पॅड असतात, त्यांच्या फटीत बोट घातलं. बोट तेलकट आणि लाल झालं. कुंकू होतं. झेंडूची एक पाकळीही अडकली होती. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या ठाण्यात दसऱ्याला शस्त्रपूजन होतं. रायफलींना तेलाचा हात, हळदकुंकू, फुलं. पण वापरायच्या आधी ते तेल आम्ही पुसून काढतो. इथे कोणी पुसलं नव्हतं, आणि तेलकट पॅड चकतीवर नुसते घसरतात.

"पूजा कोणी केली?" मी परत येऊन विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "साहेब, काकांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, कळू देऊ नका. दसऱ्याला सकाळी मी त्यांच्याकडेच होतो. त्यांनी सायकलला मनोभावे तेल लावलं. ते ब्रेकला लागलंय हे मला तो पडल्यावर कळलं."

"अरे गाढवा, आत जाशील ना तू!"

"जाईन. तो बरा होईल साहेब. पण हे कळलं तर काका यातून उठायचे नाहीत."

खरं सांगतो, मला भरून आलं. पण तक्रारदारापासून सत्य लपवणं माझ्या हातात नव्हतं. मी काकांना बोलावलं आणि पॅड दाखवला. त्यांनी त्यावर बोट फिरवलं, ते लाल झालं.

"दसऱ्याला सगल्याला त्याल लावतो आमी. बोटीच्या इंजिनाला, कोयत्याला. पोराच्या सायकलला बी लावला."

मी म्हणालो, "काका, तुम्ही हे जाणूनबुजून केलेलं नाही. यात गुन्हा नाही. अर्ज मागे घेतो एवढंच लिहू."

"नाय साहेब. त्याल मी लावला, तसा लिवा. त्या पोरावर खोटा आल घेतला मी. कागदावर आला पायजे."

जबाब तसाच लिहिला. सही करून ते बाहेरच्या बाकड्यापाशी गेले. तिथे तो दोस्त बसला होता.

"तुला मायती व्हता?"

"हो काका."

"आन गप बसलास?" त्यांनी त्याचा दंड धरला. "चल, दवाखान्यात जाऊ. त्याला मीच सांगतो. तू फकस्त बाजूला बस."

वरिष्ठांनी विचारलं, गुन्हा का दाखल केला नाही? मी अहवालात सगळं लिहिलं आणि तो मान्य झाला. चौकशीत तोंड न उघडणाऱ्याला आम्ही पोलीस अर्धा गुन्हेगार तिथेच धरून टाकतो. तो कोणासाठी गप्प आहे, हे आधी विचारायला मी त्या दिवशी शिकलो. लोक मला मोठमोठ्या आरोपींच्या गोष्टी विचारतात. सांगतो त्याही. पण स्वतःहून सांगायची वेळ आली की मी या पोराचीच सांगतो, आणि सांगताना आजही छाती फुगते.