कॅज्युअल्टीतली वत्सलामामी

तुमसरच्या शाळेत मी नववीचा तास घेत होतो. शिपाई तार घेऊन आला आणि आत न येता दारातच उभा राहिला, तेव्हाच मी समजलो. वत्सलामामी गेली त्याला आता सहा आठवडे झाले. पण ती दवाखान्यात कशी गेली हे सांगताना माझी मान ताठ होते. सकाळी भांडी घासताना तिला दरदरून घाम फुटला, जबडा आणि डावा हात दुखू लागला. मामा म्हणाले, पित्त असेल, थोडी पडून राहा. तिने हात धुतले, लुगडं नीट केलं आणि म्हणाली, "पित्त नोहे हे. रिक्षा बोलवा, मले चालणं जमणार नाही." भंडाऱ्याच्या ज्या दवाखान्यात तिने वीस वर्षं आयाचं काम केलं, तिथे ती पहिल्यांदाच पेशंट म्हणून गेली. वेळेत आल्या म्हणून चार दिवस तरी मिळाले, असं डॉक्टर म्हणाले. त्या चार दिवसांत आम्ही सगळ्यांनी तिला भेटून घेतलं…

मामी चौथी शिकलेली. तिची ड्यूटी कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघाताचे, विषबाधेचे, अचानक बिघडलेले पेशंट जिथे आधी येतात तिथे. फरशी पुसायची, पेशंटला धरायचं, रक्ताची चादर बदलायची. हे करता करता ती बघत राहायची. एकदा मी विचारलं, एवढ्या गर्दीत तुला कळतं कसं? ती म्हणाली, ओरडणाऱ्याकडे सारेच धावतात, "माहं ध्यान चूप असणाऱ्याकडे रायते."

हे ध्यान काय असतं ते मी कॉलेजात असताना पाहिलं. दिवाळीची सुट्टी होती आणि मामी रजा घेऊन लाखांदूरकडच्या सासरच्या गावी आली होती. खळ्यात धानाच्या भाऱ्यांचा उंच पुंजणा रचणं चालू होतं. मामांचा चुलतभाऊ गोविंदा वरून घसरला आणि त्याचं डोकं बैलबंडीच्या चाकावर आपटलं. क्षणभर तो निपचित पडला, मग उठला, हसला, चहा प्यायला. लोक कामाला लागले. दुपारी त्याला दोन उलट्या झाल्या आणि तो ओसरीवर आडवा झाला. त्याचे वडील म्हणाले, दमला आहे, झोपू द्या. मामी त्याच्याजवळ बसली. त्याला नाव विचारलं, ते त्याने अडखळत सांगितलं. मुलीचं नाव विचारलं, ते त्याला आठवेना. मामीने त्याच्या पापण्या उघडून दोन्ही डोळे पाहिले आणि उभी राहिली.

ती गोविंदाच्या वडिलांना म्हणाली, "मामाजी, थो झोपून नाही राह्यला. बेशुद्ध होऊन राह्यला."

म्हातारे चिडले. चांगला चालताबोलता माणूस उचलून एवढ्या लांब कायले न्यायचा, म्हणाले. सासऱ्याच्या जागी असलेल्या माणसासमोर मामी एरवी पदर सावरून बोलायची, पण त्या दिवशी तिने मला नि मामांना खाट उचलायला सांगितली. डांबरी रस्त्यावर येऊन तिने भंडाऱ्याची एसटी हात आडवे करून थांबवली. ड्रायव्हरला दोन वाक्यांत सांगितलं. लोकांनी मागचं लांब बाकडं रिकामं केलं आणि ड्रायव्हरने पुढे एकही थांबा घेतला नाही. मामीने गोविंदाला कुशीवर वळवून धरलं होतं. वाटेत तो ओ देईनासा झाला.

दवाखान्यात त्या आठवड्यात नवे डॉक्टर रुजू झाले होते. साध्या लुगड्यातली, धुळीने माखलेली बाई पाहून त्यांनी विचारलं, कोणी पाठवलं, चिठ्ठी कुठे आहे?

"चिठ्ठी नाही सायेब, मी हावो."

मग तिने सगळं क्रमाने सांगितलं… कधी पडला, कधी उठला, उलट्या किती, नाव सांगायचं कधी थांबला, कोणत्या डोळ्यातली बाहुली मोठी झाली. डॉक्टरांनी लगेच गोविंदाला ऑपरेशनला घेतलं. तासाभरात कवटीला भोक पाडून आत साचलेलं रक्त काढलं. तिसऱ्या दिवशी गोविंदाने पाणी मागितलं, आणि पुढच्या हंगामात तो पुन्हा पुंजण्यावर चढला.

तेव्हापासून लोक दवाखान्याआधी मामीकडे येऊ लागले. दर वेळी तिचा अंदाज खरा ठरला असं नाही. एका मुलीचं पोट दुखत होतं, तिला मामीने धानाच्या रोवणीच्या ऐन घाईत घरच्यांसकट भंडाऱ्याला आणवलं आणि निघाला नुसता वात. लोक हसले. मामीही हसली. पोरगी चालत घरी गेली, यापेक्षा चांगलं काय, एवढंच म्हणाली.

मागच्या रविवारी मी भंडाऱ्याला मामांकडे गेलो होतो. गल्लीतली एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन आली. दोन दिवस जुलाब, पोरीची जीभ कोरडी, आणि रडणंही बंद. मामी नाही हे तिला माहीत होतं, पाय आपोआप इकडे वळले, म्हणाली. मी नेतो म्हटलं. पण मामांनी पोरीकडे एकदाच पाहिलं, टोपी घातली आणि बाईला घेऊन निघाले. संध्याकाळी परत आले. सलाईन लागलं, पोरगी आता रडून राह्यली, म्हणाले. मी विचारलं, तिथे गर्दीत उभं राहायचा त्रास नाही ना झाला?

"काहून होईल?" मामा टोपी काढत म्हणाले. "सिस्टरनं स्वतः खुर्ची आणून देली. वत्सलाबाईचे मालक हावेत, म्हणून."