कॉलर धरा, असं ते म्हणाले

माझ्या हातून एका बाईचं कोपर मोडलं आहे. तिच्याच टोपलीशेजारचं दोन किलोचं लोखंडी वजन उचलून मी तिच्या हातावर मारलं. ती खाली बसली तरी मी पुन्हा हात उगारला होता. मागून कुणीतरी धरला म्हणून थांबले. ती मला लहानपणापासून ओळखत होती. मी तिला मावशी म्हणायचे.

नव्वदच्या दशकात माझे बाबा नाशिकच्या फुलबाजारात आणि गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या भाजीबाजारात एका पतसंस्थेसाठी रोजची बचत गोळा करायचे. पिग्मी एजंट म्हणतात ते काम. कुणी पाच रुपये द्यायचं, कुणी वीस. मखमलाबाद, मातोरीकडून फुलं-भाजी घेऊन येणाऱ्या बायकांना बँकेत जायला वेळ नसायचा आणि तिथल्या काउंटरची धास्तीही वाटायची. संस्थेचा चेअरमन कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या बाबांना ओळखत होत्या, तेवढ्यावर त्यांचा व्यवहार चालायचा. मावशीनं लेकीच्या लग्नासाठी सात वर्षं पैसे टाकले होते. बाबांनीही स्वतःची सगळी शिल्लक तिथंच ठेवली होती.

एका सोमवारी संस्थेचं शटर उघडलं नाही. चेअरमन आधीच पसार झाला होता. दुपारपर्यंत लोकांनी शटर वाकवून आतल्या काचा फोडल्या, खुर्च्या रस्त्यावर आणून जाळल्या. किल्ल्या घेऊन आलेल्या शिपायाला इतकं मारलं की त्याचे पुढचे दोन दात पडले. त्याच आठवड्यात आमच्या खिडकीवर दगड आला. काचेचा तुकडा आईच्या मानेत घुसला. तीन टाके पडले.

तरी बाबा रोज बाजारात जात राहिले. आई म्हणाली, "थोडे दिवस नांदगावला, माझ्या भावाकडे जाऊ."

"लपलो तर चोर ठरेन," बाबा म्हणाले.

ते प्रत्येक गाळ्यापुढे उभे राहायचे, शिव्या ऐकायचे, संस्थेची काय बातमी आहे ते सांगायचे. एका हमालानं त्यांच्या थोबाडीत मारली. बाबांनी खाली पडलेला चष्मा उचलला आणि "उद्या येतो," म्हणून पुढे गेले. मावशीनं मात्र त्यांना शिवी दिली नाही. ती फक्त विचारायची, "काय कळलं का, दादा?"

अशा वेळी ठेवीदारांच्या मेळाव्यासाठी एक गृहस्थ नाशिकला आले. त्यांचं नाव सांगत नाही. त्या काळी ते घराघरात माहीत होतं. रविवारच्या पुरवणीत त्यांचा स्तंभ यायचा, टीव्हीवर त्यांचा कार्यक्रम असायचा. विमा कंपन्या, बँका, फायनान्सवाले यांना ते भर कार्यक्रमात फोन लावायचे आणि समोरच्याला घाम फोडायचे. त्या मेळाव्याची पत्रकं बाजारात कुणी वाटली असतील, तर माझ्या बाबांनी. "हा माणूस आपल्याला यातून सोडवेल," असं ते प्रत्येकाला सांगत होते.

मंगल कार्यालय खच्चून भरलं होतं. मी आणि बाबा भिंतीला टेकून उभे होतो. खरं सांगायचं तर ते गृहस्थ फार चांगलं बोलले. अर्ज कुणाकडे करायचा, पासबुकाच्या कुठल्या पानाची झेरॉक्स जोडायची, पोच कशी मागायची, हे इतक्या सोप्या भाषेत तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. अंगठा उठवणाऱ्या बायकासुद्धा मान डोलवत होत्या. मग मागून एकानं विचारलं, "चेअरमन सापडतच नाही, त्याचं काय करायचं?"

ते हसले. "चेअरमन नाही सापडणार. पण जो रोज तुमच्यापुढे हात पसरून पैसे न्यायचा, तो तर सापडेल? कमिशन खाल्लंय त्यानं. त्याची कॉलर धरा, चेअरमन आपोआप बाहेर येईल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांचेही हात टाळीसाठी वर आले आणि तसेच राहिले. आमच्या पुढच्या ओळीतल्या दोघांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

पुढच्या बुधवारी गंगेवर आठवड्याचा बाजार होता. बाबांनी एकट्यानं जाऊ नये म्हणून मी कामाला दांडी मारून त्यांच्याबरोबर गेले. सकाळचे दहा वाजले असतील. एका भाजीवाल्यानं येऊन खरोखरच कॉलर धरली. शर्टाची बटणं तुटली. "सरांनी सांगितलंय," तो म्हणत होता, "बोल, कुठं हाय तुझा चेअरमन?" बाबा काही बोलायच्या आत मागून त्यांच्या पाठीत हातगाडीचा दांडा बसला. ते गुडघ्यांवर आले. मग लाथा सुरू झाल्या. ज्यांच्या पोरांची बारशी आम्ही जेवलो होतो ते लोक लाथा घालत होते. कुणी दगड घातला, पाठोपाठ आणखी एक. बाबांनी तोंडावर घेतलेल्या बोटांमधून रक्त यायला लागलं. त्या घोळक्यात मला मावशी दिसली. तिचा हात वर होता आणि हातात दगड होता. पुढचं मी सांगितलंच आहे. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि त्या क्षणी मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाबांचा डावा डोळा गेला. तीन बरगड्या मोडल्या. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये ते पुरुषांच्या वॉर्डात होते आणि मावशी बायकांच्या. पोलिसांनी दोन्हीकडची तक्रार लिहून घ्यायची तयारी दाखवली. बाबा नको म्हणाले. मावशीही नको म्हणाली.

महिनाभरानं त्या गृहस्थांचा येवल्यात कार्यक्रम असल्याचं कळलं. मी एसटीनं गेले. स्टेजमागच्या खोलीत त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण ताई, कॉलर धरा ही बोलण्याची पद्धत असते."

"आमच्या बाजारात करण्याची पद्धत आहे," मी म्हणाले. "तुमच्या स्तंभात लिहा, की एजंटाला मारू नका. तोही बुडालाय."

"लिहितो. तुमच्या वडिलांचे स्वतःचे पैसे होते संस्थेत?"

"सगळे होते."

"अर्ज भरला?"

"त्यांना अजून उठून बसता येत नाही."

त्यांनी पिशवीतून कोरा अर्ज काढला आणि स्वतः भरायला घेतला. बाहेर लोक खोळंबले होते तरी त्यांनी घाई केली नाही. नाव, पत्ता, खात्याचा प्रकार, सगळं विचारून सुबक अक्षरात लिहीत होते. मी भांडायला गेले होते आणि ते माझ्यासमोर बसून माझ्या बापाचं काम करत होते. मला ते सहन झालं नाही. मी उठले आणि दोन्ही मुठींनी त्यांची कॉलर धरली. इतकी ओढली की त्यांचं कपाळ टेबलावर आपटलं. त्यांच्या माणसानं माझा हात पिरगाळून मला बाहेर ढकललं. पायऱ्यांवर माझा ओठ फाटला. परत येताना बसमध्ये कुणी माझ्या शेजारी बसलं नाही.

त्यांनी माझ्यावर तक्रार केली नाही. उलट तो अर्ज स्वतः पुढे पाठवला. त्याची पोच आमच्या घरी टपालानं आली. पुढे स्तंभात क्रेडिट कार्डांवरच्या एका लेखाच्या शेवटी एक ओळ होती: कायदा हातात घेऊ नका. आमच्या बाजाराचा, माझ्या बापाचा त्यात उल्लेख नव्हता.

काही वर्षांनी संस्थेची इमारत विकली गेली आणि छोट्या ठेवीदारांना मुद्दल मिळालं. त्या गृहस्थांनी लावून धरलं नसतं तर मिळालं नसतं, हे मी मान्य करते. धनादेश वाटायला त्यांनाच बोलावलं होतं. मी बाबांच्या जागी रांगेत उभी होते. माझ्या पुढे मावशी होती. तिची लेक तोवर तशीच, एका बिजवराला देऊन झाली होती.

ती वळली. "हा हात आता डोक्यापर्यंत जात नाय," ती म्हणाली. "येणी सून घालती."

"मी मारलं त्यामुळं."

"व्हय," ती म्हणाली. "तुझ्या बापाच्या डोळ्यावर पयला दगड माझा नव्हता. दुसरा व्हता."

तिचा नंबर आला. तिनं धनादेश घेतला आणि दुसरा, चांगला हात जमिनीला टेकवून त्या गृहस्थांच्या पायांवर डोकं ठेवलं. फोटो निघाला. माझ्या वेळी त्यांनी मला ओळखलं. ते किंचित मागे सरकले आणि धनादेश लांबूनच पुढे केला.

घरी आल्यावर बाबांनी तो डोळ्याजवळ नेऊन वाचला. "मावशीला मिळाले का?" त्यांनी विचारलं.

"मिळाले," मी म्हणाले.