सत्काराच्या मांडवाचा खड्डा

मंडळी, आज डोकं ठिकाणावर नाही, म्हणून मनातलं इथंच ओकते.

उमरखेडजवळच्या आमच्या गावात मी पोरींना बास्केटबॉल शिकवते. त्यातलीच माझी पायल राज्याच्या संघात निवडली गेली, तेव्हा गावातल्या पुढाऱ्यांनी तिचा सत्कार ठेवला. कुठं? तर तिच्याच कोर्टावर! मांडवाचे खांब रोवायला लोखंडी सब्बलीनं सिमेंट फोडलं. शाली झाल्या, भाषणं झाली, फोटो झाले. मांडव निघाला आणि खड्ड्यांत नुसती माती लोटून सगळे गेले.

त्यानंतरच्या सरावात पायलनं बॉल घ्यायला उडी मारली, ती खाली आली नेमकी त्या भुसभुशीत मातीवर. पाय आत गेला आणि गुडघा फिरला. संघात तिच्या जागी आमच्याच रेश्माला घेतलं.

आज नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट पूर्ण तुटलंय. ऑपरेशन करूनही वर्षभर खेळ बंद. पुढंही पहिल्यासारखी उडी मारता येईल याची खात्री नाही. सतरा वर्षांची पोर आहे हो!

परत येताना पायल आणि मी बसलेला ऑटो कोर्टाजवळून आला. तिथं पुन्हा सब्बल चालू. मी ओरडले, "काहून खोदून राह्यले जी?"

मांडववाला म्हणाला, "मॅडम, उद्या रेश्माचा सत्कार आहे ना."

पायलनं ऑटोतून हाक मारली, "भाऊ, या वक्ती खड्डे सिमेंटनं भरजा. रेश्माले अजून खेळाचं हाय."

उद्या स्टेजवर माझीही खुर्ची आहे. माझ्या जागी तुम्ही असते तर बसले असते?