शिशाचे आप्पे

माझ्या बायकोची मोठी बहीण अमेरिकेत असते. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या साडूंना, घरी गोळ्या करायचा छंद आहे. गोळ्या म्हणजे बंदुकीच्या. गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी शिशाची वजनं गॅरेजमध्ये वितळवायची, त्याच्या वड्या पाडून ठेवायच्या आणि लागेल तशी एकेक वडी पुन्हा वितळवून साच्यात गोळ्या ओतायच्या. सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा वड्या पाडायला त्यांच्याकडे धड काही नव्हतं. मी पडलो इंजिनियर, सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही. फळीवरच्या खोक्यात एक बिडाचं आप्पेपात्र धूळ खात पडलं होतं.

"साडूभाऊ, हे आहे की!"

"अहो, ते सासूबाईंनी दिलेलं."

"मग? इथे कोण करतंय आप्पे?"

सात खळग्यांत शिशाचे सात आप्पे पडले. दुसऱ्या दिवशी त्याच शिशाच्या गोळ्या मी त्यांच्या कार्बाइनमधून झाडल्या. आखूडशी बंदूक, घोड्याभोवतालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की खटॅक करून पुढची गोळी चढते. नेम धरायला समोर एक रिकामा डबा ठेवला होता, पण पाचांपैकी चार गोळ्या त्याच्या मागच्या मातीच्या ढिगात गेल्या. पाचवी कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. सिंगापूरला परतल्यावर ऑफिसात सांगताना मात्र मी पाचही डब्याला लावल्या.

इकडे सेंगकांगच्या आमच्या घरी दर रविवारी आप्पे व्हायला लागले. नवीन पात्र बायकोने टेक्क्याच्या भारतीय बाजारातून आणलं असणार, असं मी धरून चाललो. आम्हाला उशिरा झालेली सहा वर्षांची मुलगी एका वेळी सात-सात आप्पे खायची आणि सोमवारी डब्यातही न्यायची.

दीडेक महिन्याने, अशाच एका रविवारी सकाळी, साडूंचा व्हिडिओ कॉल आला.

"तुमची आयडिया एक नंबर हं! फक्त ते आप्पेपात्र गायब झालंय. तुम्ही कुठे ठेवलं होतंत?"

माझ्या तोंडात आप्पा होता. तो गिळवेना आणि थुंकवेना. मी तसाच स्वयंपाकघरात गेलो.

"हे पात्र कुठलं?"

"आईचं," बायको म्हणाली. "ताईच्या गॅरेजमध्ये खोक्यात टाकलेलं. तिला नकोच होतं, मग मी गुपचूप उचललं. साडीत गुंडाळून आणलं. कसलं करडं पडलं होतं! चिंच-मीठ लावून तीन दिवस घासलं, तेल लावून तापवलं, तेव्हा कुठे असं काळंभोर दिसायला लागलं."

मी गॅस बंद केला आणि मुलीच्या पुढ्यातली ताटली ओढून घेतली.

"बाबा! माय आप्पे! व्हाय लाइक दॅट?"

"अरे, खाऊ दे की तिला," बायको म्हणाली.

"त्यात शिसं ओतलंय."

"कोणी?"

"गॅरेजमध्ये," मी म्हणालो. हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे मला माहीत होतं.

"भाऊजींना काही अक्कल आहे का!" ती ओरडली आणि मटकन खाली बसली.

मग मी फोनवर शिशाबद्दल वाचत सुटलो. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. पोट दुखतं. गुरुवारी पोट दुखतंय म्हणत होती ना? लक्ष लागत नाही. मी मुलीला हाक मारून विचारलं, "सात अधिक आठ किती?" ती बोटांवर मोजू लागली. आधीही बोटांवरच मोजायची का? मला काही केल्या आठवेना. सहा वर्षं मी हिचा बाप आहे आणि ती बेरीज कशी करते हे मला ठाऊक नाही! दिवसभरात मी तिला इतक्या बेरजा घातल्या की शेवटी ती खोलीचं दार लावून बसली.

सोमवारी पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरबाईंनी विचारलं, पात्रात शिसं किती वेळा ओतलं होतं?

"त्या माणसाला नादच आहे तो," बायको तावातावाने सांगू लागली. "वर्षानुवर्षं चाललं असणार."

डॉक्टरबाई ते लिहून घ्यायला लागल्या. आता गप्प बसलो असतो तर मुलीच्या कागदावर खोटं उतरलं असतं.

"एकदाच," मी म्हणालो. "एकाच दुपारी. मी तिथेच होतो. म्हणजे… पात्र मीच सुचवलं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. रक्त काढायला सुई टोचताना मुलीने आईचाच हात घट्ट धरला. "एकदाच हं," म्हणत मीही हात पुढे केला होता, पण तो तिने घेतला नाही.

चार दिवस घरात फक्त "दार लाव" आणि "दूध संपलंय" एवढंच बोलणं होतं. शुक्रवारी रॅफल्स प्लेसला ऑफिसात असताना क्लिनिकमधून फोन आला. मी जिन्यात जाऊन पायरीवर बसलो. शिसं असायला हवं त्याहून थोडं जास्त होतं. औषध लागणार नव्हतं. पात्र बंद करायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. नर्सला मी तोच आकडा तीनदा विचारला. तिसऱ्यांदा ती जरा रागावली.

मी घरी फोन लावला. बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग पलीकडे चालू असलेला नळ बंद केला.

"पुन्हा सुई आहे, हे तिला तूच सांग," ती म्हणाली.

संध्याकाळी जेवताना मी सांगितलं. मुलीने घास हातातच ठेवला.

"तू तर वन टाइम ओन्ली म्हणालास."

"हो. पण अजून एकदा."

"देन फिनिश?"

मी पुन्हा हो म्हणणार, तेवढ्यात बायकोने मला थांबवलं.

"ते डॉक्टर सांगतील," ती म्हणाली आणि मुलीच्या पोळीला तूप लावू लागली.