वरून आलंय

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्यासोबत रोज चहा पितो त्या मित्रालाही नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं म्हणून इतकी वर्षं टाळत आलो — पण टाळण्यासारखं होतं म्हणूनच टाळलं ना?

आधी माझं काम सांगतो. मी मोबाइलवरच्या गेमचा प्रोड्यूसर आहे. लोकांना वाटतं, प्रोड्यूसर म्हणजे सिनेमावाल्यासारखा पैसा लावणारा. आमच्या गावी, मंठ्यात, अजून तसंच समजतात, आणि मीही ते खोडून काढत नाही. खरं तर पैसा दुसऱ्याचा असतो आणि कला तिसऱ्याची. मी मधला. कामं वाटून द्यायची, तारखा सांभाळायच्या, कंपनीचं म्हणणं पोरांना सांगायचं आणि पोरांचं कंपनीला. जालन्याच्या कॉलेजात मला यावर बोलायलाही बोलावतात. चांगल्या प्रोड्यूसरच्या अंगी काय हवं? मी फळ्यावर लिहितो — खरं बोलणं, वेळेत बोलणं, टीमची ढाल होणं. पोरं उतरवून घेतात. लिहिताना माझा हात कापत नाही. कापायला हवा, नाही का?

तर — आठेक वर्षांपूर्वी जालन्यातल्या मस्तगड भागात, भांड्यांच्या दुकानावर, आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, चार पोरं आणि मी. पुण्याच्या एका कंपनीनं आमचा गेम घेतला होता. मेंढरांचा कळप घेऊन गावोगाव फिरणारी एक मुलगी, असा तो खेळ. कल्पना माझी होती, आणि ते मी येईल-जाईल त्याला ऐकवत असे.

चित्रं काढायला अश्विनी होती, मंठ्याच्या वाटेवरच्या वाटूरची. घरची मेंढरं, लहानपणी ती स्वतः त्यांच्यामागं हिंडलेली. तिनं एक भाग आपल्याच डोक्यानं रचला. वावटळ उठते आणि कोकरू हरवतं. खेळणाऱ्यानं पळापळ केली की कळप फुटतो. करायचं एवढंच — खाली बसायचं आणि गप्प राहायचं. मग धुरळ्यातून घुंगराचा आवाज येतो आणि कोकरू आपणहून जवळ येतं. पहिल्यांदा खेळलो तेव्हा मला ते बसणंच जमेना. जमलं तेव्हा डोळे भरून आले. हे मी तिला बोललो नाही. का नाही बोललो? एक वाक्य तर होतं.

अडचण अशी की तो भाग अजून कच्चा होता. कळप मधेच अडकायचा, घुंगराचा आवाज चुकीच्या बाजूनं यायचा. अश्विनी म्हणाली, दोन महिने लागतील. आणि मी — कंपनीला महिनाभर आधीच सांगून बसलो होतो की सगळं झालंय. कुणाला विचारलं नव्हतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. वेळ मारून नेणं, हा शब्द बहुतेक आमच्या धंद्यासाठीच बनलाय.

ऑफिसात माझं एक आवडतं वाक्य होतं — ‘वरून आलंय’. सुट्टी नाकारायची असो, कुणाचं काम पुन्हा करून घ्यायचं असो, कडू काही बोलायचं असलं की वरून आलंय. वर म्हणजे पुणे. वरून आलेल्याशी कोण भांडणार? पुण्याशी मी एकटाच बोलायचो, गच्चीवर जाऊन. पोरांना हिंदी-इंग्रजीत बोलायची भीड वाटायची आणि ती भीड मी कधी मोडू दिली नाही. माझं दुकान त्या भिडेवरच चालत होतं.

एका दुपारी पुण्याहून, कंपनीत आमचा गेम बघणाऱ्या बाईंचा फोन आला. अर्धाकच्चा तो भाग त्यांनी खेळून पाहिला होता. त्या म्हणाल्या, हे कुणी केलं? सगळ्या गेमचा जीव इथं आहे. त्या मुलीशी बोलायचंय मला — आणि वेळ हवा असेल तर मोकळेपणानं सांगा, देऊ.

एवढं सरळ होतं. गच्चीवरून खाली हाक मारायची होती — अश्विनी, वर ये गं.

मी हाक मारली नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ती दोन महिने लागतील म्हणेल आणि ‘सगळं झालंय’ ही माझी थाप उघडी पडेल म्हणून घाबरलो. ते खरं आहे, पण अर्धंच. बाईंनी माझं नाव काढलं नाही, हे दुसरं अर्ध. कल्पना माझी, धावपळ माझी, आणि जीव मात्र तिच्यात? माझा जळफळाट झाला. होय, जळलो मी. माझ्याच ऑफिसातल्या, मला सर म्हणणाऱ्या पोरीवर.

मी म्हणालो, मॅडम, तिचं लग्न ठरलंय, ती सोडून चाललीय. तो भाग काढावाच लागेल. बाईंना लगेच पटलं. आमच्याकडच्या पोरीबद्दल असं सांगितलं की कुणी पुढं विचारत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या हळहळल्या आणि म्हणाल्या, माझ्याकडून तिचं अभिनंदन करा.

मी जिना उतरलो आणि अश्विनीला म्हणालो, वरून आलंय. तो भाग नको म्हणतात.

ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, “काय आवडलं न्हाई सर त्यांना? काई बोलले का?”

आता हे तर मी ठरवून आलोच नव्हतो. जागच्या जागी रचलं. म्हणालो, कंटाळवाणं आहे म्हणतात. खेडवळ वाटतं. हात अजून कच्चा आहे. शेवटचं वाक्य कुठून आलं, मला माहीत नाही — नाही, माहीत आहे.

“बराबर आहे त्यांचं,” ती म्हणाली आणि संगणकाकडं वळली. तो भाग तिनं स्वतःच्या हातानं काढून टाकला. दीडेक महिन्यात ती काम सोडून गेली. गेम ठरल्या तारखेला निघाला. कुणी फारसा खेळला नाही.

इथं संपलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. पण परवा मंठ्याला जाताना वाटूर फाट्यावर चहाला थांबलो, तर समोर अश्विनी. सोबत तिची मुलगी, पहिलीत जाणारी. अश्विनीनं हसून विचारपूस केली. आता ती एका बियाण्यांच्या कंपनीसाठी पाकिटांवरची चित्रं करते. भेंडी, वांगी, मिरची. कंपनी फोटो देते, ती तसंच्या तसं उतरवते. स्वतःचं काही करतेस का, असं मी विचारलं. का विचारलं? काय ऐकायचं होतं मला?

तेवढ्यात माझ्या गाडीच्या धुळीनं भरलेल्या काचेवर पोरीनं बोटानं मेंढरू काढलं. मान वळवून मागं बघणारं. चार रेघांत असं जिवंत की मी बघतच राह्यलो.

“हिला पण तेच याड लागलंय,” अश्विनी म्हणाली. “सारखी चित्रं काढून राह्यली. मी म्हणते, आपल्यात ते न्हाई बाई, जल्दी कळलेलं बरं. मला तर तुम्ही तवाच खरं सांगितलं सर, म्हणून वाचले. न्हाईतर बसले असते आस धरून. तुमचे लई उपकार हायेत. आता हिलाबी सांगा तुम्हीच, तुमचं ऐकंल ती — अभ्यास कर म्हणा, याच्यात काई न्हाई. बराबर ना सर?”

पोरगी माझ्याकडं बघत होती. बोट अजून काचेवरच होतं. हाक मारायची वेळ पुन्हा एकदा आली होती, आणि या वेळी ना तारीख होती, ना पुणं, ना वर कुणी.

“बराबर,” मी म्हणालो.

पोरीनं बोट मागं घेतलं आणि आईच्या पदराला पुसलं.